तुटक्या दाताची फणी

लागोसच्या बाजारात एक बाई चक्कीची लोखंडी प्लेट हातात घेते, उलटी करते आणि पाठीवरून अंगठा फिरवते. पाठीवर फणीचा उठाव आहे. दात, दात, दात, मग एक रिकामी जागा. तिथे अंगठा अडला की ती म्हणते, हीच द्या.

*

हॅनोव्हरमध्ये शेतीच्या यंत्रांची मेस्से, म्हणजे प्रदर्शन. एकाच हॉलमध्ये दोन स्टॉल, मध्ये एक खांब. दोन्ही स्टॉलांवर फणी. एक जर्मन गृहस्थ दोन्हीकडची पत्रकं हातात धरून विचारतात, तुम्ही एकाच घरचे का? खांबाच्या अलीकडचा माणूस नाही म्हणतो. पलीकडचाही.

*

फ्रँकफुर्टजवळच्या बाड हॉम्बुर्गमधल्या एका इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, स्कीचे बूट आणि बंद पडलेल्या मायक्रोवेव्हच्या मागे, एका सुटकेसमध्ये मोरपंखी पैठणी आहे. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली की भावांनी साडी द्यायची असते. भावांनी दिली. चांगली दिली. ती एकदाच नेसली गेली.

*

नायजेरियाच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये फणीचं चित्र छापून येतं. अर्जदार म्हणून खाली भलत्याच माणसाचं नाव.

*

'गुड मॉर्निंग ममा.' रोज सकाळी फोनवर. कधी सूर्योदयाच्या चित्रावर, कधी गुलाबाच्या, कधी दोन कबुतरांच्या. वसुधाबाई चष्मा लावून ते नीट पाहतात आणि हात जोडलेलं चित्र परत पाठवतात.

*

मटणाच्या पातेल्यावर झाकण ठेवताना नंदिनीच्या लक्षात आलं, की आपण गुणगुणतोय. मार्चपासून ती गुणगुणली नव्हती.

मार्चमध्ये तिच्या दोन्ही भावांनी एकाच आठवड्यात तिला फोन केला होता. बातमी एकच. वडिलांपासून लागोसमध्ये आपला माल विकणाऱ्या अकिनोलांनी फणीचा छाप स्वतःच्या नावावर करायला अर्ज घातलाय. ही बातमी कोल्हापुरातल्या दादाने तिला सांगितली आणि पुण्यातल्या उल्हासनेही तिलाच सांगितली. एकमेकांना सांगायला दोघांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं.

नायजेरियात जो आधी अर्ज करतो त्याचं पारडं जड. हेरलेकरांचा माल तिथे चाळीस वर्षं जात होता, पण हेरलेकरांपैकी एकानेही अर्ज केला नव्हता. दादाला वाटायचं, एक्स्पोर्ट उल्हास बघतो, त्याने केला असेल. उल्हासला वाटायचं, फाउंड्री दादाकडे, फणी त्याच्या साच्यावर, त्याने केला असेल. एका फोनचं काम होतं. तो फोन सहा वर्षं झाला नाही.

जर्नलमध्ये छापून आल्यापासून हरकत घ्यायला दोन महिने मिळतात. त्यातला बराच वेळ दोन भाऊ बहिणीला फोन करण्यात गेला. शेवटी श्रीनाथने, म्हणजे नंदिनीच्या नवऱ्याने, एश्बॉर्नच्या ऑफिसमधल्या एका लागोसकर सहकाऱ्याला विचारून वकील गाठून दिली: फोलाके मॅडम. आवाज खर्जातला, वाक्यं तोडून टाकलेली. त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं, "फणी कुणाची आहे?"

नंदिनीने दादाला विचारलं. दादा म्हणाला, माझी. उल्हासला विचारलं. तो म्हणाला, ताई, हे काय विचारणं झालं, माझी.

वडील गेल्यावर वाटणी झाली तेव्हा फाउंड्री दादाला गेली आणि एक्स्पोर्टची कंपनी उल्हासला. नंदिनीने हक्क सोडला. फणी कुणाच्याच वाट्याला आली नाही, कारण फणी वाटायची असते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अगदी सुरुवातीला लागोसच्या बाजाराने आत्माराम हेरलेकरांना कळवलं होतं, अक्षरं नकोत, चित्र द्या. ते भट्टीवरून तडक घरी आले आणि बायकोच्या हातातली लाकडी फणी उचलून घेऊन गेले. ओल्या वाळूत दाबली. वाळू ठोकताना एक दात तुटला. फणी तशीच उठली आणि लाकडी घरी परत देऊन पुढे पितळेची केली तेव्हाही तो दात भरला नाही, कारण तोवर बाजार त्या दातावरच माल ओळखायला लागला होता.

म्हणून नंदिनीने दोघांनाही न विचारता आईची सही घेतली. नोटार नाही, बेग्लाउबिगुंग नाही, म्हणजे सही खरी असल्याचा कुणाचा शिक्का नाही. वकिलाला अधिकार देणाऱ्या कागदावर नुसती सही. श्रीनाथला दोन दिवस झोप लागली नाही. "शिक्का नाही? एकही नाही?" हरकत गेली ती वसुधा आत्माराम हेरलेकर या नावाने. भावांना कळलं तेव्हा दादाने फोन आपटला, कारण त्याला वाटलं ती उल्हासच्या बाजूने गेली. उल्हासने तिचे फोन घेणं बंद केलं, कारण त्याला वाटलं ती दादाच्या बाजूने गेली.

आणि आता शुक्रवारी फोलाके मॅडमचा मेल आला होता.

बेल वाजली.

*

"एकाच गाडीनं आलो आम्ही," मालिनीवहिनी बूट काढता काढता म्हणाली. ती दादाची बायको. कोल्हापूरहून मेस्सेसाठी आलेली, आणि स्टॉलवर दिवसभर उभी राहून पाय सुजलेली. "हे डबा नंबर चारमध्ये, भावजी डबा नंबर नऊमध्ये. मी मधल्या कॅन्टीनच्या डब्यात बसून दोन कॉफ्या प्याले. कुणाच्या शेजारी बसू?"

"एवढा लांबचा प्रवास," श्रीनाथ म्हणाला.

"लांबचा कसला. लगेच आलं फ्रँकफुर्ट. सहा वर्षं लांब हाय, ते निराळं."

दादा आत आला. छप्पन्न वर्षांचा, हाताच्या पाठीवर वितळलेल्या लोखंडाच्या ठिणग्यांचे बारीक डाग. आईच्या पाया पडला, जावयाला "काय श्रीनाथराव" म्हणाला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. उल्हास त्याच्यामागून. त्याने आईला मिठी मारली, भाचीच्या डोक्यावर टपली मारली आणि दरवाजाजवळच्या खुर्चीत बसला. खोलीत यापेक्षा लांबच्या दोन खुर्च्या नव्हत्या.

ऊर्जाने, नंदिनीच्या सतरा वर्षांच्या मुलीने, दोन खुर्च्यांमधलं अंतर नजरेने मोजलं आणि आईच्या कानात म्हणाली, "वी इम किंडरगार्टन." बालवाडीतल्यासारखं.

"गप्प. ताटं घे."

खिडक्या तिरक्या उघड्या होत्या, मसाल्याचा वास बाहेर जावा म्हणून. नोव्हेंबरची थंडी आत येत होती. मटण तुर्की दुकानातलं, मसाला कोल्हापूरचा, वहिनीने गेल्या खेपेला आणलेला. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी जमली नाही म्हणून पोळ्या. दादाने पांढऱ्या रश्श्याचा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"नंदे," तो म्हणाला, "त्याला सांग, पांढरा घे म्हणावं. बरा झालाय."

जेवायला टेबल एकच होतं; उल्हास त्याच्यापासून एक हात अंतरावर बसला होता.

"ताई, सांग त्याला, मी घेतलाय."

"घेतलाय म्हणतोय," नंदिनी म्हणाली, आणि आपण हे म्हणालो याचं तिलाच नवल वाटलं. सहा वर्षं ती हेच करत होती. दादाचं उल्हासला, उल्हासचं दादाला, मध्ये कधी साडेतीन, कधी साडेचार तासांचा फरक असताना, कधी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून. तिखट काढून, मीठ घालून. हक्क सोडला होता, काम काही सुटलं नव्हतं.

"आधी जेवा," वसुधाबाई म्हणाल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्या लेकीकडेच होत्या. कमी बोलायच्या, पण बोलल्या की घास थांबायचे. "बातमी पळून जात न्हाई."

"चांगली हाय न्हवं पण?" दादाने विचारलं. घास हातात तसाच.

नंदिनीला वाटलं होतं, जेवणं झाल्यावर कॉफीबरोबर सांगू. पण दादा जेवण थांबवून तिच्याकडे पाहत होता. मेस्सेमध्ये चार दिवस हा माणूस हसून माल दाखवत होता, आणि चारही दिवस त्याच्या घशाखाली काही उतरलं नसणार.

"सुटली," ती म्हणाली. "फणी सुटली."

 मग उल्हासने विचारलं, "म्हणजे नक्की काय झालं?"

"आपली हरकत अकिनोलांना पोचली. पोचल्यावर त्यांनी महिन्याच्या आत लेखी उत्तर द्यायचं असतं, की फणी माझीच आहे, ही बाई म्हणते ते खोटं आहे. ते आलंच नाही. उत्तर आलं नाही की तिथल्या कायद्याने अर्जदाराने अर्ज सोडून दिला असं धरतात. कोर्ट नाही, साक्षी नाहीत. रजिस्ट्रारने तसं कळवलंय."

"टाइम-आउट," श्रीनाथ म्हणाला. "समोरून रिस्पॉन्स आला नाही की सिस्टीम आपोआप सेशन बंद करते. गेनाऊ तसंच."

"श्रीनाथराव, तुमचं ते कॉम्प्युटरचं ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला, पण हसत म्हणाला. त्याने घास तोंडात टाकला आणि चावता चावता पालथ्या हाताने डोळे पुसले. "तिखट हाय."

"पांढरा रस्सा तिखट?" वहिनी म्हणाली.

उल्हास उठून बाल्कनीत गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. परत आला तेव्हा नाक लाल होतं आणि त्याने मटणाचं पातेलं स्वतःकडे ओढलं. "मी मार्चपासून नीट जेवलेलो नाही. आता कुणी मोजायचं नाही."

त्या पाच मिनिटांत त्या टेबलावर जे होतं ते नंदिनीला पुढे कुठल्याही फोटोत सापडलं नाही, कारण फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही. सगळे एकदम बोलत होते. वहिनी शिरोलीच्या फाउंड्रीतल्या माणसांची नावं घेत होती, पस्तीस घरं त्या एका फणीवर जेवतात, ती आता जेवतील. श्रीनाथ तिसऱ्यांदा म्हणत होता, शिक्का नव्हता आणि तरी चाललं. ऊर्जा आजीला जर्मनमधून समजावत होती आणि आजी समजल्यासारखी मान हलवत होती.

*

मध्येच, हे कुठेतरी ठेवायला हवं: जिच्या हातातली फणी ती बाई आणि फणी शोधणारी बाई यांची कधी भेट झालेली नाही. लागोसच्या बाजारातली ती बाई चवळी दळते, मिरची दळते, पावसाळ्यात मका दळते. गेली सहा वर्षं तिच्या बाजारात दोन फण्या येतात. एकीचा दात तुटका. दुसरीचे सगळे दात शाबूत. शाबूत फणीची प्लेट लवकर झिजते आणि पिठात कचकच येते. बाई दुकानदाराला विचारते, खरी कुठली? दुकानदार दोन्ही पुढे करतो.

*

"आता पुढं," दादा म्हणाला. "आपला अर्ज घालायला लागंल. मोकळी पडलीय ती. उद्या दुसराच कोणतरी उठंल."

"तेच," नंदिनी म्हणाली. "फोलाके मॅडम म्हणतात, लगेच घाला. म्हणून तर दोघांना इथे बोलावलं. तुम्ही परत जायच्या आत नाव ठरवा."

"नावात ठरवायचं काय? फणी साच्यावर हाय. साचा माझ्याकडं हाय."

"ताई, त्याला सांग," उल्हास पातेल्यातून मान वर न काढता म्हणाला, "साचा कोल्हापुरात आहे. नायजेरियात नाव होतं ते विकण्यामुळे. विकतो मी."

"त्याला सांग, काय विकतोस ते पण बोल. राजकोटच्या प्लेटा. दात भरून आणल्यात फणीचे. बाबांनी हयातभर तो दात भरला न्हाई, आणि ह्यानं भरला."

"राजकोटवाल्याने भरला. त्याला वाटलं, साच्यात दोष आहे, तर त्याने दुरुस्त करून दिला."

"दुरुस्त." दादाने ताट सरकवलं. "आईच्या फणीत दोष."

"आणि सांग त्याला, मला राजकोटला जायची हौस नव्हती. ऑर्डर घेऊन मी त्याच्या दारात..."

"सांगा की," वहिनी मध्येच म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे पाहत होती. "अहो, तुम्हीच सांगा. भावजी तीनदा आले होते. तुम्ही आतल्या खोलीत बसलेला आणि मला म्हणालात, साहेब भट्टीवर गेलेत म्हण. मी म्हणाले. तिसऱ्या खेपेला भावजींनी तुमच्या चपला बघितल्या दारात. काही बोलले न्हाईत. चहा पिऊन गेले. त्यानंतर राजकोट."

दादाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "तू कुणाच्या बाजूची?"

"मी दोन कॉफ्यांच्या बाजूची."

"मग त्यानंतर लागोसला परस्पर माल कुणी पाठवला?" उल्हासचा आवाज चढला. "अकिनोलांना कुणी सांगितलं, धाकट्याचा माल उचलू नका?"

"तू न्हाई सांगितलंस? थोरल्याचा घेऊ नका म्हणून? मला त्यांनीच फोनवर सांगितलं."

"कारण तू आधी..."

"आवाज खाली," दादा ओरडला.

"रूहेत्साइट, शांततेची वेळ," ऊर्जा म्हणाली आणि उठून एकेक खिडकी बंद करत गेली. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हिंत्सं रविवारी पाण्याचा नळ जोरात सोडला तरी वर येतात. शेवटची खिडकी बंद झाली तेव्हा मसाल्याचा वास आतच राहिला होता.

"नंदे," दादा हळू आवाजात म्हणाला, "त्याला सांग..."

"नाही."

तिने मोठ्याने म्हटलं नव्हतं. पण दादा थांबला.

"आजपासून माझं पोस्ट बंद," नंदिनी म्हणाली. "मी काही सांगणार नाही. तो इथे बसलाय. तुझा रस्सा त्याच्या ताटावर सांडलाय. तुझ्या तोंडाने सांग, नाही तर राहू दे. गेली तर जाऊ दे फणी."

आपण खरंच हे म्हणालो का, हे तिलाही लगेच कळलं नाही. पण म्हणून झाल्यावर शुक्रवारसारखंच हलकं वाटलं. काहीतरी खाली ठेवल्यासारखं.

*

उल्हासने चिमटीतलं मीठ ताटात सोडलं. मग बहिणीकडेच वळून, पण चाचरत, विचारलं, "दोघांच्या नावावर नाही का होत?"

"मी विचारलंय ते." नंदिनी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकली. "होतं. पण अट आहे. त्यांच्या कायद्यात दोघं मालक असतील तर एकाला दुसऱ्याशिवाय तो छाप वापरता येत नाही. ज्या वस्तूशी व्यापारात दोघांचाही संबंध आहे, तिच्यावरच दोघांचं नाव चालतं. म्हणजे प्लेट दादाने ओतायची आणि तू विकायची. राजकोटची चालणार नाही. दादाने परस्पर पाठवलेली पण चालणार नाही. एकाने जरी वेगळं काही केलं तरी दोघांचं नाव लटकं पडतं."

"कुणी केला हा कायदा?" दादाने विचारलं.

"इंग्रज साहेबांचा जुना आहे."

"त्याला भाऊ असणार," वहिनी म्हणाली.

कुणी हसलं नाही. पण उल्हासच्या तोंडाचा कोपरा हलला.

"अवघड हाय," दादा म्हणाला.

"मला एक कळंना," वसुधाबाई म्हणाल्या. त्या इतका वेळ पोळीचा तुकडा कोरडाच चावत होत्या. "अकिनोलानं उत्तर का न्हाई दिलं? मेहनतीनं अर्ज घातला आणि सोडला?"

"विसरला असेल, आई. वकिलाने घोळ केला असेल."

"थांब, विचारते."

"कुणाला?"

वसुधाबाईंनी पदराला हात पुसले, फोन उचलला, चष्मा लावला आणि 'गुड मॉर्निंग ममा'च्या खाली कॅमेऱ्याचं चित्र दाबलं. बाकी सगळ्यांची तोंडं उघडी राहिली. ज्या माणसाविरुद्ध त्यांनी महिनोन्‌महिने वकील लावला होता, त्याला रोज सकाळी त्यांची आई हात जोडत होती.

"तू ह्याच्याशी बोलतेस?" दादा पुटपुटला.

"त्यानं अर्ज तुमच्याविरुद्ध घातलाय. माझं आणि त्याचं काही न्हाई."

पडद्यावर एक म्हातारा चेहरा आला. पांढरी टोपी, मागे पंखा, बहुधा चर्चमधून नुकताच परतलेला. "ममा!" मग त्यांना ममाच्या मागे येऊन उभे राहिलेले दोघे भाऊ दिसले.

वसुधाबाईंची इंग्रजी लहान लहान शब्दांची होती आणि त्या प्रत्येक शब्दावर पाय रोवून उभ्या राहत. "अकिनोला. यू नॉट गिव्ह आन्सर. व्हाय?"

अकिनोलांनी टोपी काढली. डोक्यावरून हात फिरवला. ते जे म्हणाले ते ऊर्जाने आजीसाठी मराठीत आणायचा प्रयत्न केला. तिची मराठी अडखळत होती, पण त्या दिवशी तिने जर्मनचा आधार घेतला नाही.

"ते म्हणतात, वकिलाने उत्तर लिहून दिलं होतं. फक्त साइन करायचं होतं. त्यात लिहिलं होतं की, ही फणी कुणाची नाही, बाजारातली कॉमन वस्तू आहे, आणि ही बाई... ही बाई खोटं सांगते. ते कोल्हापूरला आले होते, तरुण असताना. आपल्या घरी राहिले. तेव्हा तू सकाळी ओसरीत बसून केस विंचरत होतीस, त्याच फणीने. एक दात नव्हता. त्यांनी विचारलं, ही तीच का? तू हो म्हणालीस आणि त्यांना पोहे दिलेस." ऊर्जा थांबली. "ते म्हणतात, मी डोळ्यांनी बघितलेली फणी. तू खोटं सांगतेस असं मी कसं साइन करू?"

अकिनोला पुढे बोलतच होते. आता त्यांचं बोलणं दादा आणि उल्हासकडे होतं, आणि ते ऊर्जाला सांगावं लागलं नाही. बायका माझ्याकडे दोन फण्या घेऊन येतात, ते म्हणाले. खरी कुठली विचारतात. तुमच्यातला एक म्हणतो ती खोटी, दुसरा म्हणतो ही खोटी. मला माझं दुकान वाचवायचं होतं. मला वाटलं, निदान एका माणसाच्या नावावर तरी असू दे. तुम्ही एक फणी पाठवा. एकच. मी अर्ज करणार नाही, माझ्या मुलालाही करू देणार नाही.

"गुड," वसुधाबाई म्हणाल्या. "यू ईट?"

"यस, ममा."

"गुड."

त्यांनी फोन बंद केला आणि पोळीचा राहिलेला तुकडा आता रश्श्यात बुडवला.

*

दादाने हाताच्या पाठीवरचे डाग अंगठ्याने चोळले. मग खुर्ची उल्हासकडे वळवली आणि समोर पाहून म्हणाला,

"राजकोटवाल्याकडं माल किती पडलाय तुझा?"

 हा प्रश्न कुणाच्या मार्फत आलेला नव्हता.

उल्हासने घसा साफ केला. "एक कंटेनर. निघायचाय अजून."

"कोल्हापूरला आण. भट्टीत घालू. लोखंड हलकं असलं तरी कशाला तरी उपयोगी येईल, वजनकाट्याची वजनं ओतू."

"आणि तू लागोसला पाठवलेला?"

"तो तुझ्या बिलावर घाल." दादाने पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला. "चपला मी आत काढायला पायजे होत्या."

"हो," उल्हास म्हणाला. "मी पण आतल्या खोलीत यायला हवं होतं. चहा पिऊन गेलो."

"चहा कसा होता?"

"वहिनीने केलेला. चांगला होता."

एवढंच. वहिनीने पदर तोंडाला लावला, ती हसत होती की काय ते कळलं नाही. श्रीनाथने हळूच विचारलं, "मग दोघांची सही घेऊन मी आजच स्कॅन करून पाठवू का? शिक्का नकोच आहे," आणि यावेळी मात्र सगळे हसले, अगदी मोठ्याने, आणि खालून फ्राऊ हिंत्सं यांनी छताला काठी लावली. पहिल्यांदाच नंदिनीला ती काठी बरी वाटली.

ऊर्जा कागद घेऊन आली. दोघांनी एकाच पेनाने सह्या केल्या. दादाने पेन उल्हासला दिलं तेव्हा ते हातातून हातात गेलं, टेबलावर ठेवून नाही.

वसुधाबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. "नंदीचं नाव कुठाय?"

दोघं भाऊ एकदम बहिणीकडे बघायला लागले. "खरंच," दादा म्हणाला. "नंदे, तूच सोडवलीस. तिसरं नाव तुझं घालू. मागच्यासारखं नको व्हायला."

"नाही घालता येत, दादा. ज्याचा मालाशी संबंध आहे त्याचंच नाव लागतं." ती उष्टी ताटं एकावर एक रचत होती, आणि तिला कशाचंच वाईट वाटत नव्हतं. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना तिचा फोन वाजणार नव्हता. वाजला तर कुणी तिला विचारणार होतं, कशी आहेस. "मी ओतत नाही, विकत नाही. माझा त्या फणीशी काय संबंध?"

आत्माराम हेरलेकर फणी न्यायला घरी आले, त्या सकाळी आई नंदिनीच्या दोन वेण्या घालत होती; नंदिनी एकच वेणी घालून शाळेत गेली.